एंजल मासे गुण्यागोविंदाने नांदावेत म्हणून

दुकानातून आणताना एंजल दहा रुपयांच्या नाण्याएवढा असतो. वर्ष सरता सरता तोच मासा तळहाताएवढा होतो. लांबी १५ सेंटीमीटरच्या आसपास, आणि वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत उंची २० सेंटीमीटर, कधी त्याहूनही जास्त. एंजलच्या टाकीत होणाऱ्या बऱ्याचशा भांडणांचं मूळ या वाढीत आहे. नाण्याएवढ्या माशासाठी लावलेली टाकी तळहाताएवढ्या माशाला पुरत नाही.

माझी पहिली टाकी दोन फुटी होती, एक फूट उंचीची. तिच्यात दोन एंजल आणि दहा निऑन टेट्रा एकाच दिवशी सोडले. चार महिन्यांनी निऑन मोजायला बसलो तर सहा भरले. पुढे तीन, मग एकही नाही. मेलेला मासा तळाशी कधी दिसला नाही. त्यानंतर मोठ्या एंजलने धाकट्याला हीटरच्या मागे कोंडून ठेवलं आणि एका सकाळी धाकटाही गेला. घरातले म्हणाले, मासा मारका निघाला. तसं नव्हतं. टाकी बुटकी होती, एंजलांची संख्या चुकली होती आणि शेजारी चुकीचे होते. या तिन्ही गोष्टी मासा घरी आणण्याआधी ठरवायच्या असतात, म्हणून त्याच क्रमाने लिहितो.

आधी मासा ओळखा

एंजल हा सिक्लिड कुळातला, दक्षिण अमेरिकेतल्या अमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. शास्त्रीय नाव टेरोफायलम स्केलारे. टेरोफायलम हे पंख आणि पान या दोन ग्रीक शब्दांचं जोडनाव आहे, आणि पोहणाऱ्या एंजलकडे पाहिलं की ते लगेच पटतं. संथ पाण्यात, पुरात बुडालेल्या झाडांच्या मुळांमधून आणि काठच्या वनस्पतींच्या दाटीतून हा मासा फिरतो. चपट्या अंगामुळे दोन मुळांमधल्या फटीतून सहज सरकतो, आणि अंगावरचे उभे काळे पट्टे सावल्यांमध्ये मिसळून जातात.

सिक्लिड कुळातले मासे जागा धरतात, जोडी जमवतात आणि पिल्लांची राखण करतात. एंजलचं सगळं वागणं या तीन सवयींतून समजतं. तो उगीच कुणाच्या अंगावर जात नाही. आपली जागा, आपली जोडी किंवा आपली अंडी यांच्यासाठी जातो. तोंडात मावणारं काही समोर आलं तर तेही गिळतो, आणि त्यात राग नसतो.

आपल्याकडच्या दुकानांत येणारे एंजल पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांमध्ये वाढवलेले असतात. चेन्नईचा कोलाथूर भाग आणि कोलकाता ही त्यांच्या पैदाशीची मोठी ठिकाणं. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत हे मासे बरंच चालवून घेतात. स्वभाव मात्र पिढ्यांनी बदललेला नाही. ओरिनोको आणि रिओ निग्रोकडचा उंच, देखणा 'अल्टम' एंजल कुणी दाखवला तर तूर्त पाहूनच समाधान माना. त्याला फार मऊ (अगदी कमी क्षारांचं) आणि उबदार पाणी लागतं, नवख्या हाताला तो झेपत नाही.

पहिली पायरी: उंच टाकी

टाकी घेताना लोक लांबी पाहतात. एंजलसाठी आधी उंची पाहा. दीड फूट म्हणजे १८ इंच उंची हवीच. बुटक्या टाकीत खालचे दोऱ्यासारखे लांब पर तळाला घासतात, वाकतात, आणि मासा धड सरळ उभा राहू शकत नाही.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच ही टाकी नवख्यासाठी उत्तम. तिच्यात काठोकाठ १९० लिटर पाणी मावतं. चार फुटी घेता आली तर २५० लिटरच्या पुढे जाता येतं आणि पुढची निम्मी काळजी मिटते. घरात दोन फुटाचीच जागा असेल तर दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच अशी ८५ लिटरची टाकी घेऊन त्यात एकच एंजल ठेवा. सोबतीला तळाशी राहणाऱ्या कोरी माशांचा एक लहान घोळका. एकटा एंजल उदास होईल ही भीती नको. रोज खायला घालणाऱ्या माणसाला तो ओळखू लागतो आणि काचेपाशी येऊन उभा राहतो.

टाकी करून घेत असाल तर तीन फुटी टाकीला काच किमान ८ मिलिमीटर जाडीची सांगा आणि वर आडव्या पट्ट्या लावून घ्या. पाणी, खडी, काच धरून वजन अडीचशे किलोच्या घरात जातं. शोकेसवर किंवा टीव्हीच्या टेबलावर ही टाकी ठेवू नका. लोखंडी स्टँड, त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोलचा ताव, मग टाकी. थर्माकोलमुळे तळाखालचा बारीक उंचसखलपणा झाकला जातो आणि काचेवर एकाच जागी ताण येत नाही. खिडकीतलं थेट ऊन टाळा. शेवाळ तर होतंच, शिवाय दुपारी पाणी तापतं.

दुसरी पायरी: आडोसे

शांततेसाठी सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो आडोसा. दोन एंजलांना एकमेकांची नजर चुकवता आली की निम्मी भांडणं होतच नाहीत. म्हणून टाकीची मांडणी उभी करा. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरियाची लांब पात्यांची रांग, एका कोपऱ्यात रुंद पानांचं अमेझॉन सोर्ड, मध्ये ड्रिफ्टवूडचा एक उभा तुकडा. ड्रिफ्टवूडला जावा फर्न किंवा अनुबियास दोऱ्याने बांधता येतं. मुळं खडीत पुरावी लागत नाहीत आणि उजेडही कमी चालतो. लाकूड आधी आठवडाभर भिजत घाला. त्याचा तपकिरी रंग पाण्यात उतरला तर घाबरू नका, एंजलला तसं पाणी मानवतं.

टाकीचे मनाने दोन किंवा तीन भाग करा, आणि एका भागातला मासा दुसऱ्या भागातून दिसणार नाही अशी झाडं लावा. समोरचा मधला भाग पोहायला मोकळा ठेवा. प्लास्टिकची टोकदार झाडं आणि धारदार कडांचे दगड नकोत, लांब परांना चिरा जातात.

फिल्टर चांगला हवा, पण प्रवाह संथ. चपटा मासा जोराच्या धारेत पानासारखा ढकलला जातो आणि थकतो. हँग-ऑन म्हणजे काठावर टांगायच्या फिल्टरची धार काचेकडे वळवा. दोन मोठे स्पंज फिल्टरही चालतात, आणि पिल्लं झालीच तर तेच सगळ्यात सुरक्षित.

तिसरी पायरी: पाणी मुरू द्या

लोणचं मुरावं लागतं तशी टाकीही मुरावी लागते. सगळ्यात जास्त नवखे इथेच घाई करतात. आज टाकी, उद्या मासे, आणि पंधरा दिवसांत मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतात.

कारण साधं आहे. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच कमी घातक असतं आणि पाणी बदलून काढून टाकता येतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वसतात, आणि त्यांची वस्ती पुरेशी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकीत मासा नको. पंप, फिल्टर, हीटर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाका. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना अन्न मिळतं. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंज मागून आणा आणि ओलाच आपल्या फिल्टरमध्ये बसवा. मुदत बरीच कमी होते.

थेंबांचं टेस्ट किट घ्या. पैसे वाचवायची ही जागा नाही. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि थोडं नायट्रेट असं काही दिवस लागोपाठ दिसलं की टाकी तयार.

आता नळाच्या पाण्याविषयी. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे प्रत्येक वेळी अँटी-क्लोरीन घालायचं. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीनची मात्राही वाढते, तेव्हा तर ते विसरूच नका. मुंबई, पुण्यात धरणाचं पाणी येतं. ते एकंदरीत मऊ असतं आणि एंजलला मानवतं. बोअरवेलचं पाणी जड असतं. ते आधी तपासा. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, ६.५ ते ७.५ असेल तर उत्तम. त्याहून थोडा जास्त असला तरी टाकीत वाढवलेले एंजल सरावतात. पीएच खाली आणायच्या बाटल्या आणून रोज खालीवर करत बसू नका. माशाला स्थिर पाणी हवं असतं. फारच जड पाणी असेल तर त्यात आरओचं शुद्ध पाणी मिसळा. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र टाकीत घालू नका, त्यात क्षार उलट साठलेले असतात.

तापमान २५ ते २८ अंश.

चौथी पायरी: किती एंजल

दोन घेऊ नका. दुकानात 'जोडी द्या' म्हटलं की दोन मासे पिशवीत येतात, पण ती जोडी नसते. इतक्या लहान वयात नर-मादी बाहेरून ओळखूच येत नाहीत. दोघे मोठे झाले की एक वरचढ होतो आणि त्याचा सगळा जोर एकट्या दुसऱ्यावर पडतो. तिघांमध्येही तेच, बहुधा दोघे मिळून तिसऱ्याला हाकलतात.

एकतर एक ठेवा, नाहीतर पाच-सहा लहान मासे एकाच वेळी, एकाच टाकीतून, एकाच मापाचे घ्या. पाच-सहा जणांत धमकावणं वाटलं जातं, कुणा एकाच्या वाट्याला येत नाही. मात्र तीन फुटी टाकीत हा हिशोब कायमचा नाही. आठ-दहा महिन्यांनी त्यांच्यात एखादी जोडी जमेल, आणि मग उरलेल्यांना दुसरं घर शोधावं लागेल. घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा की मोठे झालेले मासे परत घ्याल का. चार फुटी टाकीत, आडोसे भरपूर असतील तर पाच-सहा मोठे एंजल एकत्र राहू शकतात.

निवडताना घाई करू नका. पर ताठ उघडलेले, डोळे स्वच्छ, दोन्ही बाजूंची कल्ल्यांची झाकणं नीट, पोट खपाटीला न गेलेलं. काचेला बोट लावलं की पुढे येणारा मासा घ्या. कोपऱ्यात पर मिटून उभा असलेला घेऊ नका, कितीही दया आली तरी. दुकानदाराला खाद्य टाकायला सांगा आणि कोण खातं ते पाहा. मार्बल, कोई, ब्लॅक, झेब्रा हे सगळे रंगांचे प्रकार आहेत, स्वभावात फरक नाही. फार लांब परांचे 'व्हेल' (veil) प्रकार मात्र हळू पोहतात, त्यांना आणखी शांत शेजारी लागतात.

पाचवी पायरी: शेजारी

शेजारी निवडताना दोन प्रश्न विचारा. हा मासा एंजलच्या तोंडात मावेल का? आणि हा एंजलचे पर कुरतडेल का? दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं तरच घ्या.

पहिल्या प्रश्नात निऑन टेट्रा अडकतो. बारीक, लांबट, जेमतेम तीन सेंटीमीटरचा. एंजल लहान असेपर्यंत दोघे छान राहतात आणि माणूस निर्धास्त होतो. गप्पीची पिल्लं आणि बारीक कोळंबीही याच यादीत. दुसऱ्या प्रश्नात टायगर बार्ब, सर्पे टेट्रा आणि ब्लॅक स्कर्ट टेट्रा अडकतात. एंजलचे खालचे दोरे पाहिले की त्यांना ते तोडल्यावाचून राहवत नाही. टायगर बार्ब दिसायला कितीही गोड असला तरी एंजलसोबत नकोच, मी यात कुणालाच सवलत देत नाही.

गोल्डफिशला थंड पाणी हवं असतं आणि तो घाणही फार करतो. दुकानात 'काच साफ करतो' म्हणून देतात तो सकर मासा एक फुटाच्या वर वाढतो आणि रात्री एंजलच्या चपट्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर खरवडतो. सकाळी अंगावर पांढुरका चट्टा दिसतो. शेवाळासाठी मासा हवाच असेल तर ब्रिसलनोज मागा, तो चार-पाच इंचांवर थांबतो.

मग कोण चालतं? रमीनोज टेट्रा आठ-दहाच्या घोळक्याने. लेमन टेट्रा. मोठ्या टाकीत कॉंगो टेट्रा. वरच्या भागात पर्ल गोरामीची एखादी जोडी. आणि तळाशी कोरी, किमान सहा. कोरी माझे फार लाडके आहेत. दिवसभर खडीत नाक खुपसून हिंडतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. उबदार पाण्यासाठी ब्राँझ कोरी किंवा स्टर्बाय कोरी घ्या, आणि खडी गुळगुळीत बारीक ठेवा, नाहीतर त्यांच्या मिशा झिजतात.

तीन फुटी टाकीत एक घोळका टेट्रांचा, एक कोरींचा, एखादा ब्रिसलनोज आणि एंजल. बस. आणखी जागा दिसते म्हणून आणखी मासे आणू नका.

सहावी पायरी: सोडण्याचा क्रम

आधी कोरी, दोन आठवड्यांनी टेट्रा, आणि एंजल सगळ्यात शेवटी. एंजल आधी आला तर सगळी टाकी त्याची होते आणि नंतरचा प्रत्येक मासा घुसखोर ठरतो. शेवटी आला तर तो भरल्या घरात आलेला पाहुणा असतो.

दुकानातून आणलेला प्रत्येक मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. चाळीस लिटरचा प्लास्टिकचा टब, एक मुरलेला स्पंज फिल्टर, एक हीटर एवढं पुरतं. अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आले तर तो व्हाइट स्पॉट. टबमध्येच पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत नेऊन, बबलर वाढवून, डब्यावर लिहिलेल्या मात्रेत औषध देता येतं. मोठ्या टाकीत तो शिरला की सगळ्यांनाच औषध द्यावं लागतं.

सोडताना दिवे बंद करा. पिशवी वीसेक मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडंथोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला. मासा जाळीने उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. त्या दिवशी टाकीतल्या जुन्या माशांना आधी पोटभर खाऊ घाला आणि दोन झाडं, एक लाकूड इकडचं तिकडे करा. जागा बदलल्या की जुन्यांचाही हक्क नव्याने ठरतो आणि नव्याला शिरकाव मिळतो.

रोजचं खाणं, आठवड्याचं पाणी

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. चांगल्या पेलेट रोजच्या, आठवड्यातून दोनदा फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव), अधूनमधून स्पिरुलिना असलेलं खाद्य. जिवंत ट्युबिफेक्स किडे गटारांच्या गाळात वाढतात, त्यांच्यासोबत रोगही येतात, मी ते घालत नाही. खाद्य टाकीच्या दोन टोकांना टाका म्हणजे दांडगा मासा एका टोकाला असताना बाकीचे दुसरीकडे जेवून घेतात. कोरींसाठी बुडणारी गोळी दिवे मालवल्यावर टाका.

आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी नळीने तळातल्या घाणीसकट काढा आणि त्याच तापमानाचं, अँटी-क्लोरीन घातलेलं पाणी भरा. फिल्टरचा स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि सहा आठवड्यांची मेहनत वाया जाते.

भांडण दिसलं तर

थोडं पर फुलवणं, एखादी धडक, कधी तोंडाला तोंड लावून ओढाओढ, हे चालायचंच. कोण वरचढ ते ठरलं की थांबतं. चिंता तेव्हा करा जेव्हा एक मासा दिवसभर हीटरमागे किंवा वरच्या कोपऱ्यात उभा राहतो, जेवायला येत नाही, पर फाटलेले दिसतात. अशा वेळी मार खाणाऱ्याला वाचवायला हात जातो. मी दांडग्याला बाहेर काढतो. त्याला आठवडाभर टबमध्ये ठेवायचं आणि तेवढ्यात टाकीची मांडणी बदलायची. परत येतो तेव्हा त्याची जागा राहिलेली नसते. दोनदा करूनही फरक पडला नाही तर त्याला दुसरं घर शोधा.

जोडी जमण्याची चाहूल आधी लागते. दोन मासे एका उभ्या पानावर किंवा फिल्टरच्या पाइपवर तोंडाने साफसफाई करू लागतात आणि टाकीचा तो कोपरा इतरांना बंद होतो. अंडी घालण्याच्या वेळी नराची पोटाखालची नळी बारीक, टोकदार दिसते आणि मादीची जाड, बोथट. मादी उभ्या रांगांत अंडी चिकटवत जाते, नर मागून फिरतो. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि आणखी पाचेक दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात. एवढ्या काळात जोडी आपल्याजवळ येणाऱ्या प्रत्येकाला पिटाळते, त्यात गैर काही नाही. छिद्रं पाडलेला ॲक्रिलिकचा पडदा टाकीत उभा करून त्यांचा कोपरा वेगळा करा. पहिली एक-दोन वेतं बहुधा आईबापच खाऊन टाकतात. काही दिवसांनी पुन्हा अंडी घालतात, म्हणून पडदा लगेच काढू नका.

ऋतू आणि गावाला जाणं

मुंबई-कोकणात मे महिन्यात पाणी ३२ अंशांपर्यंत जातं. टाकीचं झाकण उघडून पाण्यावर एक छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकू नका. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडतो, तिथे तीन फुटी टाकीला १५० वॅटचा हीटर हवा. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर लावा. वीज वरचेवर जात असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या.

गणपतीत आठवडाभर कोकणात जायचं असलं की पहिला प्रश्न माशांचा येतो. मोठे, निरोगी एंजल आठवडाभर उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांच्या हाती खाद्याचा डबा देण्यात धोका जास्त, कारण प्रेमाने मूठभर टाकलं जातं आणि पाणी नासतं. द्यायचंच असेल तर एकेका वेळचं खाद्य कागदाच्या पुड्यांत बांधून द्या, पुड्यांवर वार लिहा आणि डबा कपाटात ठेवा. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला, ऐन निघताना नको. बदलामुळे काही बिघडलं तर ते पाहायला तुम्ही घरी असायला हवं.